हौदाचा लेफ्ट आऊट

"माती लावा, पाव्हणं," वस्ताद म्हणाले.

हिंदुराव दाजी जागचे हलले नाहीत. समोर परातीत आमच्या तालमीच्या आखाड्यातली लाल माती होती. बाकी आम्हा सगळ्यांचे टिळे लावून झाले होते. कनातीच्या पलीकडे मैदानात लोकांचा गलका वाढत चालला होता आणि कुणीतरी हलगीही आणली होती.

"मी माझ्या तालमीची लावून आलोय," दाजी म्हणाले. कपाळावरचा पुसट झालेला टिळा त्यांनी बोटानं दाखवला. "एका कपाळाला दोन दोन मात्या कशा लावायच्या, वस्ताद? ते बरं न्हवं."

वस्तादांनी परात खाली ठेवली. वस्ताद रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. आमचा कॅप्टन रंगराव इंगवले मात्र याचीच वाट बघत होता.

"झालं न्हवं समाधान?" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "ज्याच्या पोटात पाप न्हाई, त्याला चिमूटभर माती जड हुती व्हय? नाव दिलंय म्हणून उभा राहू दे त्याला. पर चेंडू द्यायचा न्हाई. कुणीबी न्हाई. जोत्या, तूबी न्हाई."

जोत्या म्हणजे मी. जोतीराम साळोखे, गोलकीपर. हिंदुराव चौगुले माझ्या सख्ख्या बहिणीचे मालक.

आता हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल, फुटबॉलच्या मॅचमध्ये हा मातीचा काय प्रकार! आमच्या कोल्हापुरात फुटबॉल खेळतात त्या तालमी. जी पोरं सकाळी आखाड्यात जोर काढतात, तीच संध्याकाळी बूट चढवून मैदानात उतरतात, आणि उतरण्याआधी आखाड्यातली माती कपाळाला लावतात. ती लावलेला माणूस दगा देत नाही, असं आम्ही मानतो. आमची मोरबाग तालीम आणि दाजींची हौदाची तालीम, मध्ये एवढासा रस्ता. पण तो ओलांडून पोरगी द्यायची म्हटल्यावर माझ्या वडलांना भावकीनं वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं. वडील हट्टी. म्हणाले, पोरगा सोन्यासारखा आहे, तालीम काय नांदवणार आहे माझ्या पोरीला?

ही मॅच अखिल भारतीय चषकातली, आणि त्या चषकाचं ते दुसरंच वर्ष होतं. पहिल्या वर्षी स्पर्धा झाली हेच आम्हाला ती संपल्यावर पेपरातून कळलं. दुसऱ्या वर्षी आमच्या लोकांनी धावपळ करून प्रवेश मिळवला, तर जिल्ह्याला एकच संघ, आणि हरला तो घरी. एक संघ म्हणजे कुणाचा? महिनाभर बैठका झाल्या, एकमेकांची उणीदुणी निघाली, शेवटी दोन्ही तालमींचा मिळून एक संघ ठरला. मग कॅप्टन मोरबागचा झाला म्हणून हौदाच्या सगळ्यांनी नावं मागे घेतली. राहिले एकटे दाजी. हौदवाले त्यांच्या दारावरून जाताना खाकरून थुंकायला लागले. आमचे लोक म्हणायला लागले, स्वतःच्या तालमीचा जो झाला नाही, तो आपला काय होणार? बिचारे दाजी, ना घरके ना घाटके.

दाजींनी नाव मागे घेतलं नाही त्याला कारण होतं. ते ज्या फौंड्रीत साचे करायचे ती बंद पडून वर्ष होत आलं होतं. आक्का पहिलटकरीण, बाळंतपणाला आमच्याकडे आलेली. आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमच्यासमोर मुंबईच्या एका गिरणीचा संघ आला होता. ती गिरणी चांगल्या खेळाडूला थेट कामावर घ्यायची. कायमची नोकरी, राहायला चाळीत खोली. दाजींना त्या एका मॅचमध्ये आपला खेळ दाखवायचा होता. बाकी त्यांना कशाशी देणंघेणं नव्हतं.

मॅचच्या आदल्या दिवशी गिरणीचा संघ धर्मशाळेत उतरला. मी आणि दाजी त्यांच्या मॅनेजरला भेटायला गेलो. पिंटो नावाचे साहेब, गोव्याकडचे, अंगानं स्थूल, बोलायला दिलखुलास. त्यांनी आम्हाला बाकावर बसवून चहा मागवला.

"लेफ्ट आऊट ना तू? आमचा लेफ्ट आऊट म्हातारा झाला," ते म्हणाले. "तुझं नाव मी ऐकलंय. पण ऐकून मी माणूस घेत नाय, बघून घेतो. उद्या आमच्याविरुद्ध असा खेळ, की आमच्या बॅकला रडू आलं पायजे. मग तुझी नोकरी पक्की."

"आनि त्यात तुमी हरला तर, साहेब?" मी विचारलं.

"हरलो तर हरलो. पुढच्या साली हा आमच्याकडून खेळेल ना! मग आम्हाला कोण हरवतो?" आणि पोट हलवत ते हसले.

इतकी सरळ गोष्ट. येताना दाजी रस्त्यानं जवळजवळ उड्या मारत होते. त्यांना इतकं खुशीत मी त्यांच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

पण धर्मशाळेच्या दारात आम्हाला कुणीतरी बघितलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात त्या चहाचं जेवण झालं, आणि सकाळपर्यंत जेवणाबरोबर नोटांचं पाकीट आलं. हौदाच्या हिंदुरावानं मॅच विकली! मी रंगरावाच्या घरी पळत गेलो. तो दात घासत होता.

"रंगा, मी स्वतः होतो तिथं. काय बोलणं झालं ते सगळं ऐकलंय मी. साहेब म्हणालं, आमच्याविरुद्ध चांगला खेळ."

"आनि त्येला नोकरी देणारा मानूस आपनच हरायला बसलाय व्हय?" रंगरावानं चूळ भरली. "खुळा हाईस काय जोत्या? दाजी हाय तुझा. तू त्येच्याइरुद्ध बोलशील?"

"अरं पण मी होतो तिथं!"

"म्हंजे तूबी चहा प्यालास?"

रंगराव वाईट माणूस नव्हता, हेही सांगून ठेवतो. पुढे माझ्या वडलांना त्यानं खांदा दिला. पण एकदा मनात भरलं की भरलं. गिरणीवाला साहेब हरण्याची तयारी ठेवून माणूस पारखतो, हे त्याच्या बुद्धीत शिरणं शक्य नव्हतं. आमच्या पेठांत असं कुणी करत नाही. इथं मेलं तरी आपली तालीम हरता कामा नये.

एकच वाट होती. वस्तादांनी ती काढली होती. दाजींनी मोरबागची माती लावायची. तेवढं केलं असतं तर रंगरावाचं तोंड बंद झालं असतं. दाजींना शेवटच्या क्षणापर्यंत मी कानात सांगत होतो, लावून टाका, धुतली की जातेय. आणि दाजींनी काय केलं ते मी सांगितलंच. ज्या तालमीनं त्यांना वाळीत टाकलं होतं, तिचीच माती कपाळाला लावून हा माणूस तिच्या मानासाठी अडून बसला. मला त्यांचा राग आला. आजही येतो. आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मी दुसरा बघितला नाही, हेही खरं.

नावं कमिटीकडे गेली होती, ती बदलता येत नव्हती. बदली खेळाडू हा प्रकार तेव्हा नव्हताच. दाजींसकट आम्ही मैदानात उतरलो.

गोलकीपर म्हणजे लग्नघरातला राखणदार. सगळं दिसतं, पण पंगतीत बसता येत नाही. माझ्यासमोर मैदान पसरलेलं, आणि डाव्या अंगाला चुन्याच्या रेघेजवळ दाजी एकटे उभे. चेंडू उजवीकडून खेळला जात होता. आमचे पुढचे खेळाडू तिकडेच घोळका करत, आणि गिरणीचे बॅक तिकडेच गर्दी करून त्यांना अडवत. दाजी मोकळे. हात वर करून "हिकडं! हिकडं!" म्हणत. कुणी मान वळवत नव्हतं. काही वेळानं त्यांच्यावर ठेवलेला गिरणीचा बॅकसुद्धा त्यांना सोडून मधे खेळायला गेला. त्यालाही कळलं असणार.

लिंबाच्या झाडाखाली हौदवाले बसले होते. त्यांची तर चैन चालली होती.

"अवो मोरबागचे जावई, उन्हात कशाला उभं? सावलीला या!"

"जावयाला पान द्या रं कुनीतरी!"

मी चेंडू अडवला आणि थेट दाजींकडे लांब मारला. दाजी तो घ्यायला पुढे आले. तेवढ्यात आमचाच लेफ्ट हाफ मधे धावला, उडी मारली, आणि दाजींच्या डोक्यावरचा चेंडू डोक्यानंच बाहेर घालवला. आपल्याच माणसाचा चेंडू आपल्याच माणसानं अडवलेला मी आयुष्यात तेव्हाच पाहिला. मुंबईवाले तर बघतच राहिले.

रंगराव धावत माझ्यापाशी आला. "पुना तिकडं मारलास तर मॅच झाल्यावर तुझी माझी गाठ हाय." मग त्यानं बॅकला सांगितलं, गोलकिक तू मारायची, जोत्यानं चेंडूला पाय लावायचा नाही.

मध्यंतरात मी वस्तादांचे पाय धरले. खरोखर धरले. "वस्ताद, त्याच्या संसाराचा प्रश्न हाय. माझ्या बहिणीचा हाय. एक चेंडू द्या म्हणावं. खोटा ठरला तर मला तालमीतनं काढा."

वस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माती लावली असती तर मी बोललो असतो, पोरा. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

दाजी लांब, एकटे, लिंबाची फोड चोखत बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "साहेब बघतोय न्हवं अजून? गेला न्हाई न्हवं?"

"बघतोय," मी म्हणालो. साहेब कनातीजवळ खुर्चीत, गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

"मग हुईल कायतरी."

उत्तरार्धात गिरणीनं गोल केला. तो माझ्या हातावरून गेला, मला पोचता आलं नाही, त्यात कुणाचा दोष नव्हता. मग मोरबागवाल्यांचा धीर सुटला. रंगराव स्वतः पुढे गेला, सगळेच पुढे गेले, नुसती झुंबड. चेंडू जायचा, अडायचा, परत यायचा. ऊन कलायला लागलं होतं. अशातच गिरणीच्या एका खेळाडूनं लांबून मारलेला चेंडू माझ्या छातीत बसला आणि मी तो तिथेच कवटाळला. मी डोळे उघडून बघतो तर मला अडवायला जवळ कुणीच नाही. रंगराव पार पलीकडच्या टोकाला. आणि डावीकडे रेघेवर दाजी, तसेच, हात वर करून.

मी पुढे पळालो आणि जीव खाऊन चेंडू फेकला.

यावेळी मधे कुणी आलं नाही. दाजींनी चेंडू छातीवर घेतला, खाली टाकला आणि सुटले. आख्खी दुपार त्या माणसानं पायात साठवून ठेवली होती. पहिल्या बॅकला त्यांनी जागेवर उभा ठेवला. दुसरा आडवा पडला, त्याच्यावरून गेले. हौदवाले उठून उभे राहिले. काय झालं कोण जाणे, पण तेही ओरडायला लागले, "मार हिंदू! मार!" मी माझा गोल सोडून मैदानाच्या मधापर्यंत आलो होतो की काय, असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी माझ्याच खांबाला धरून उभा होतो. मला दाजींची पाठ दिसत होती. पुढे धूळ. त्यांचा गोलकीपर बाहेर आला. मग खाडकन आवाज आला.

चेंडू खांबावर बसला होता. तिथून उडून मैदानात आला आणि त्यांच्या बॅकनं दूर भिरकावला.

मोरबागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "इकला! मुद्दाम खांबावर मारला!" आणि लगेच लिंबाखालून तोच शब्द आला. इकला, इकला. मोरबाग आणि हौद एका सुरात ओरडल्याचं मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

शिट्टी झाली. आम्ही हरलो. चषक आमच्यापुरता संपला. दाजी तिथेच, त्यांच्या गोलपाशी, कमरेवर हात ठेवून खाली बघत उभे होते. आमचं कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. मी निघालो, पण मला तेवढं मैदान ओलांडायचं होतं. त्याच्या आत पिंटो साहेब पोचले.

देवा, त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. खूश झाले होते. दोन्ही तालमींची माणसं मैदानात घुसलेली, त्या सगळ्यांच्या देखत त्यांनी दाजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि वर-खाली हलवला.

"वेल डन, मॅन! एकच चान्स भेटला, पण मी बघितलं. मला तेवढं पुरे. नोकरी पक्की! सोमवारी मुंबईला ये!"

त्यांचा आवाज आधीच मोठा. लिंबापर्यंत ऐकू गेला असेल.

"ऐकलं न्हवं समद्यांनी?" रंगराव म्हणाला. त्याला ओरडायचीसुद्धा गरज पडली नाही.

दाजींनी हात सोडवून घेतला नाही, की दाबलाही नाही. तो साहेबांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मी दिसलो, आणि ते मला काहीतरी म्हणाले. गलक्यात मला ऐकू आलं नाही. तेवढ्यात पहिला दगड आला, साहेबांना लागला नाही, दाजींच्या खांद्यावर बसला.

संध्याकाळी आमच्या घरी आक्का भिंतीला टेकून बसली होती. दाजी दारात. खांद्याला हळद लावलेली.

"जायाचं," आक्का म्हणाली. "सोमवारी जायाचं."

"गेलो तर खरं ठरंल, सुंदरा. म्हणतील, बघा, नोकरी मिळाली का न्हाई."

"आनि न्हाई गेलासा तर?"

"न्हाई गेलो तर..." दाजींनी खांद्यावरची हळद चाचपली.

"न्हाई गेलासा तर म्हणतील, रोख पैसं घेतलं असतील," माझे वडील म्हणाले. "नोकरी कशाला लागतीया मग? हिकडं आड, तिकडं विहीर. त्यापरीस पोटाला मिळंल ती विहीर बरी."

दाजी एकटे गेले. आक्का बाळंत झाल्यावर बाळाला घेऊन गेली. मी तालमीत बसून आठ-पंधरा दिवस ज्याला त्याला सांगत राहिलो, हात जोडून सांगितलं, भांडून सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे. माझी कीव करायचे. पुढे मीही सांगायचं सोडून दिलं.

गिरणीच्या संघाकडून दाजी खूप खेळले. नाव काढलं. पण तो संघ कोल्हापूरला खेळायला यायचा तेव्हा दाजींना हटकून ताप भरायचा. आक्का माहेरी यायची ती मुलांना घेऊन, एकटी. वडील गेले तेव्हाही एकटीच आली.

मग भाच्याच्या लग्नाची बोलणी करायला मी परळला गेलो. दाजींचे गुडघे तोपर्यंत गेले होते, केस पांढरे झाले होते. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं चाळीच्या गॅलरीत बसलो होतो. आत आक्का चहा टाकत होती. खाली पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत होती. दाजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते.

"जोतीराम, एक इचारू?"

"इचारा की."

"त्या दिवशी तू गोलात हुतास. मी मारला तवा माझा पाय दिसला तुला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"सरळ गेला हुता का पाय? का शेवटाला मी जरा... वळवला?"

"दाजी, काय बोलताय हे!"

"न्हाई, मी मुद्दाम न्हाई मारला. ते मला ठावं हाय. म्हंजे, ठावं हुतं." ते गुडघा चोळत राहिले. "पर समदं गाव एका तोंडानं बोललं, जोतीराम. आपलंबी आनि तुमचंबी. एवढी मानसं म्हणत्यात तर मला वाटतंय, आपल्याला कळलं नसंल. नोकरी पायजेच हुती मला. डोक्यात तीच हुती. डोक्यातनं पायात उतरली असली तर?"

किती वर्षं हा माणूस हे घेऊन बसला होता, कोण जाणे. आक्काला बोलला नव्हता. बोलायला जगात एक मीच साक्षीदार उरलो होतो, आणि मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो.

"दिसला," मी म्हणालो. "चांगला दिसला. सरळ होता पाय. चेंडूच नशिबाचा नव्हता."

"खरं?"

"आक्काची शपथ."

दाजींनी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका सैल झाला, की मला बरं वाटलं. खाली पोरांची भांडणं लागली होती.

"कुठला पाय हुता?" दाजींनी विचारलं. माझ्याकडे न बघताच विचारलं.

लेफ्ट आऊट माणूस, डाव्या अंगानं खेळणारा, डाव्या पायानंच मारणार. मी विचारसुद्धा केला नाही.

"डावा," मी म्हणालो.

आतून आक्कानं चहाला हाक मारली. दाजी कठड्याला धरून हळूहळू उठले.

"उजवा हुता, जोतीराम," ते म्हणाले, आणि आत गेले.